कपाटाला रंग देऊ नकोस

लकडगंज, नागपूर
६ एप्रिल

मृण्मयी,

परवा रात्री तू फोनवर बोलून राहिली होतीस आणि मी नुसतं हं हं करत होते, कारण तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं. काल तुझे फोटो आले. तुझ्या आजोबांचं, आमच्या अण्णांचं कपाट हॉलच्या मधोमध ओढलेलं, दारं उतरवलेली, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा. खाली तू लिहिलंस, ‘आत्या, आता घर पूर्ण फ्रेंच दिसेल.’ डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, तुझी मीटिंग निघते. म्हणून लिहिते आहे, आणि तू हे शेवटपर्यंत वाचायचं आहेस.

आधी त्या रंगाऱ्याला थांबव. पुढचं नंतर वाच.

ते लाकूड कुठलं आहे हे तुला लहानपणी अण्णांनी शंभरदा सांगितलंय. आलापल्लीच्या जंगलातला साग, बल्लारपूरच्या डेपोतून आलेला. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान लागलं ते नागपूरहून गेलं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून. अशा लाकडावर तू चॉक पेंट फासायला निघालीस! सागाच्या अंगात उपजत तेल असतं, म्हणून तर त्याला वाळवी सहजी लागत नाही. त्याच तेलामुळे वरचा रंग नीट धरत नाही. दोन पावसाळ्यांत कडांशी पापुद्रे सुटतील, मग पुन्हा घासाघीस, आणि प्रत्येक घासण्यात लाकूड झिजणार.

शिवाय तुला फ्रेंचच हवं ना? मग ते त्या कपाटावर आहेच. अण्णांनी त्याला फ्रेंच पॉलिश केलं होतं. तू तेव्हा फार लहान होतीस, तुला ते दिवस आठवायचे नाहीत. चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, धुऊन मऊ झालेल्या मलमलीत कापूस बांधून त्याची पुरचुंडी करायची, आणि आधी गोल गोल, मग रेषांच्या दिशेनं हात फिरवत राहायचं. पुरचुंडी चिकटू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब. एक थर वाळला की दुसरा. घाई करायची सोय नाही. हात मध्येच थांबला तर तिथे डाग पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या कारागिरांनी हे काम नावारूपाला आणलं. पण त्यात पडणारी लाख कुठली? पळसावर, कुसुमावर, बोरीवर बसणाऱ्या किड्याची. आपल्या गोंदियाला लाखेचे कारखाने होते. पॅरिसच्या दिवाणखान्यांतली ती चमक आपल्याकडच्या रानांतल्या झाडांवरून गेलेली आहे, बाई.

आणि त्या पॉलिशचा खरा गुण चमकण्यात नाहीच. गरम भांड्याचा पांढरा डाग पडला, ओरखडा उठला, तर सगळं खरवडायची गरज नसते. नवा थर स्पिरिटमुळे जुन्यात विरघळून एकजीव होतो. म्हणजे ती वस्तू जन्मभर दुरुस्त करत वापरता येते. माझ्या मते फ्रेंच राहणी म्हणतात ती हीच. थोड्या वस्तू, चांगल्या, रोजच्या वापरातल्या, आणि बिघडल्या तर नीट करून घ्यायच्या. तुझ्या इंटिरियरवाल्यानं पीओपीच्या पट्ट्या आणि एमडीएफवरचं नक्षीकाम दाखवलंय, त्यात यातलं काही नाही. ओल लागली की एमडीएफ फुगतं. आमच्या गल्लीत सागवानाच्या वखारींशेजारी आता प्लायवूड-लॅमिनेटची शोरूमं आली आहेत, तेव्हा काय किती टिकतं ते मी रोज बघते.

आता कपड्यांचं. सगळ्या साड्या देऊन टाकणार, फक्त बेज, पांढरं आणि काळं ठेवणार, असं म्हणालीस. देण्याआधी तुझ्या आईची, आमच्या वहिनीची करवतकाठी उघडून बघ. विदर्भातल्या कोशाचा मूळ रंग कसा असतो? मधाळ, फिका, मातीच्या जवळचा. आंधळगावच्या मागांवर तो रंग कितीतरी आधीपासून आहे. तुझ्या बेजपेक्षा तो कशात कमी आहे ते मला समजावून सांग.

बडोद्याच्या सयाजीरावांची लेक इंदिराराजे तुला माहीत असायला हवी. १९१३ मध्ये ती कूचबिहारला गेली, नऊ वर्षांत विधवा झाली. पांढरं नेसायचं आलं, तर तिनं फ्रान्सहून साडीच्या पन्ह्याचं शिफॉन विणवून आणलं आणि ते अशा दिमाखात नेसली की राजघराण्यांतल्या बायकांनी तिचं पाहून शिफॉन धरलं. कापड फ्रेंच, नेसणं साडीचं. तिला स्वतःचं काही टाकावं लागलं नाही. आणि फ्रेंचांनी तरी काय केलं? आपल्या देशातली छिटं तिकडे इतकी खपली की तिथल्या रेशीमवाल्यांना धास्ती बसली आणि १६८६ मध्ये राजानं त्यांवर बंदीच घातली. ती उठली १७५९ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी ओबरकाम्फ नावाच्या माणसानं पॅरिसजवळ जुई गावात छपाईचा कारखाना काढला. तुझ्या सोफ्याच्या उशांवर ती निळी चित्रं आहेत ना, मेंढपाळ आणि झाडंवाली, ती त्या कारखान्याच्या वाणाची. मूळ आपलं आहे. त्यांनी ते घेतलं, त्यात स्वतःचे मेंढपाळ घातले, स्वतःचं केलं. तू मात्र स्वतःचं घराबाहेर काढून त्यांचं आणते आहेस, याचं मला दुःख आहे.

दारावरचं तोरणसुद्धा काढलंस म्हणे. मार्च २०२३ मध्ये डिओरनं मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर कपड्यांचा मोठा कार्यक्रम केला, तेव्हा मागे भव्य तोरण उभारलं होतं. मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टच्या कारागिरांनी हातानं भरलेलं. पॅरिसच्या माणसांना ते शोभलं. तुझ्या बाणेरच्या दाराला शोभत नाही?

रागावते आहे असं वाटेल. रागावतेच आहे. पण त्यामागे भीती आहे, ती सांगते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांचं माणिकबाग मी तुझ्या वडिलांबरोबर बाहेरून पाहिलं होतं. १९३० च्या सुमारास त्या तरुण राजानं जर्मन वास्तुकार मुथेसियसकडून ते बांधून घेतलं आणि आत पॅरिसमधलं त्या काळचं उत्तमोत्तम आणलं. रुलमनचं लाकूडकाम, आयलीन ग्रेची खुर्ची, ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियांची आरामखुर्ची. एवढं करून पॅरिसच्या चित्रकारासमोर, बुते द मोंवेलसमोर, तो बसला तेव्हा एक चित्र साहेबी वेशात झालं आणि दुसरं मराठा पोशाखात. ते दुसरं बघ. त्या माणसाला आपण कोण याची शंका नाही, म्हणून त्याला फ्रेंच खुर्चीही पेलते. पण पुढे काय झालं? १९८० मध्ये त्यातलं बरंच सामान लिलावात निघालं, जगभर विखुरलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयानं त्यातलं पुष्कळ गोळा करून प्रदर्शन भरवलं. लोक तिकीट काढून बघायला गेले. महालात आता करखात्याचं कार्यालय आहे. घरातली वस्तू एकदा गेली की ती आपल्याकडे परत येत नाही, मृण्मयी. वहिनीचं शिलाई मशीन कुठे गेलं, सांग बरं.

मे महिन्यात पॅरिसला चालली आहेस, जा. पण आठ दिवसांत पाच शहरं हा काय प्रवास झाला? तीन रद्द कर. पॅरिसमध्ये एकाच वस्तीत राहा, पायी फीर, रोज त्याच पावाच्या दुकानात जा, दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हण. तिथे ते न म्हणणं उद्धटपणाचं समजतात. पाँपिदू केंद्राची इमारत दुरुस्तीला गेली आहे, तरी रझांची चित्रं कुठे लागलेली असतील तर शोध. सय्यद हैदर रझा म्हणजे मंडल्याकडच्या वनखात्यातल्या माणसाचा मुलगा, १९३९ ते ४३ आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेला आणि जवळजवळ साठ वर्षं तिकडेच राहिला. बायको फ्रेंच, घर फ्रेंच. आणि एवढ्या वर्षांनी चित्रात आला तो बिंदू, शाळेच्या मास्तरांनी भिंतीवर काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलेला. आपली माती मंडल्यातच व्हावी ही इच्छाही त्यानं ठेवली, आणि २०१६ मध्ये तसंच झालं. त्या चित्रासमोर जरा वेळ उभी राहा. फोटो नंतर काढ.

एक गोष्ट मात्र तिकडून जरूर आण. २०१० मध्ये युनेस्कोनं फ्रेंचांचं जेवण वारशाच्या यादीत घातलं. एखादा पदार्थ नाही घातला. मंडळींनी टेबल मांडून एकत्र बसायचं, एकामागून एक वाढायचं, बोलत बोलत सावकाश जेवायचं, ती रीत घातली. तुझ्या फोटोत ते नवं टेबल दिसलं. त्यावर लॅपटॉप आहे, चार्जर आहे, हॉटेलातून मागवलेला डबा आहे, आणि रात्रीचे अकरा वाजलेत. एकच चमचा. निखिल कुठे होता गं? तुम्ही दोघं शेवटचं समोरासमोर बसून कधी जेवलात?

मला खरं तर हेच विचारायचं होतं. तू कपाटं हलवून राहिली आहेस, साड्या देऊन राहिली आहेस, भिंती पांढऱ्या करून राहिली आहेस. वहिनी गेल्यापासून तू एक दिवस स्वस्थ बसलेली मी पाहिली नाही. फोटोत गळ्याची हाडं दिसून राहिली आहेत. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन कमी आलं होतं, त्याच्या गोळ्या पुऱ्या केल्यास का? जाण्याआधी रक्त तपासून घे आणि रिपोर्ट मला पाठव, नुसतं ‘नॉर्मल’ म्हणू नकोस, कागद पाठव. रविवारच्या गाडीनं मी येते आहे. गोळाभाताचं सगळं बरोबर आणते. निखिलला त्या रात्री घरी राहायला सांग.

तुझी
आत्या