अंगाने बेताचे

आपल्या मराठीत ‘अंगाने बेताचा’ हे शब्द बहुधा कौतुकाने उच्चारले जातात. पोट सुटलेच तर ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून हसावे, आणि हातपाय बारीक असतील तर ते पोट हिशेबातच धरू नये, अशी आपली जुनी रीत. रविवारच्या मिस्सानंतर सदरच्या कॅथेड्रलच्या आवारात जी मंडळी घटकाभर रेंगाळतात, त्यांच्या बोलण्यात हल्ली मधुमेह हटकून येतो. कुणाची उपाशीपोटीची साखर किती, कुणाच्या गोळ्या वाढल्या, सारे कळते. कंबरेचे माप मात्र कुणी सांगत नाही.

आमचे थोरले बंधू दादा हे अशा बेताच्या माणसांपैकी. उंची पाच फूट सहा इंच, वजन 63 किलो. गेली वीस वर्षे काटा जागचा हलला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! मधुमेह जडून अकरा वर्षे झाली, तरी पंगतीत टोमणे बसत ते वहिनींना, कारण त्या स्थूल. वहिनींची साखर आजतागायत ठीक आहे. दादांच्या विजारी मात्र दर दोन-तीन वर्षांनी शिंप्याकडे सैल करायला जात. जे काट्याला कळले नाही, ते शिंप्याच्या वहीत तारीखवार नोंदले गेले होते.

गेल्या वर्षी साखर आवरेना, सोनोग्राफीत यकृतावर चरबी आढळली, तेव्हा डॉक्टरांनी काटा बाजूला ठेवून टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, माप भरले 38 इंच. म्हणजे 96 सेंटिमीटरच्याही वर. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानतात. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा आणखी एक सोपा ठोकताळा. दादांचे म्हणणे, “माझा पट्टा तर चौतिसाचा!” पट्टा पोटाच्या खाली बांधला जातो, हे डॉक्टरांनी हसत दाखवून दिले.

या कोड्याचा उलगडा बराचसा आपल्या पुण्यातच झालेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन यडकिन यांनी 2004 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन सांगणारा शरीरभारांक दोघांचाही 22.3, अगदी सारखा. पण अंगातील चरबी यडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिकांत 21.2! 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या चमूने गरोदर मातांचा जो अभ्यास केला, त्यातून दिसले की तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमने हलकी. तूट पडली ती मांसपेशींत. चरबी बरीचशी शाबूत होती. म्हणजे हा वारसा पाळण्यातूनच सुरू होतो, निव्वळ जिभेच्या चोचल्यांतून नव्हे. एवढे कळले तरी कितीतरी घरांतील दूषणे थांबतील.

त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी. आतड्यांभोवती साचलेली चरबी मात्र आपली स्निग्धाम्ले थेट यकृताकडे धाडते. यकृत इन्सुलिनला जुमानेनासे होते, साखर आणि रक्तातील मेद वाढतो, आणि हृदयाच्या धमन्यांवर त्याचा भार पडतो. जेवणानंतरची साखर शोषून घेण्याचे मोठे काम मांसपेशींचे. त्याच मुळात अपुऱ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शरीरभारांकाने स्थूल ठरलेले प्रौढ 28.6 टक्के निघाले, तर पोटाने स्थूल 39.5 टक्के. या दोन आकड्यांमधल्या फटीत आमचे दादा आणि त्यांच्यासारखे कित्येक उभे आहेत.

उपाय म्हणून दादांनी उत्साहाने रात्रीचे जेवणच सोडले होते. डॉक्टर रागावले. बारीक अंगाच्या मधुमेह्याने उपास काढले तर उरलेसुरले मांस झडते, शिवाय गोळ्यांमुळे साखर एकदम खाली जाण्याचे भय. आणि वजन आपोआप उतरू लागले तर ती शाबासकीची गोष्ट नसून तपासणीची असते. मूत्रपिंडे ठीक आहेत याची खात्री करून त्यांनी ताटातला भात कमी व डाळ, अंडी, मासळी जास्त असा बदल सांगितला. रोजचे चालणे, आणि आठवड्यातून तीन दिवस वजने उचलणे. पासष्टीच्या गृहस्थाने पाण्याच्या दोन बाटल्या भरून अंगणात कवायत करावी, हे शेजारच्या मुलांना मोठे गमतीचे वाटले.

आठ महिन्यांत वजन घटले जेमतेम दीड किलो. कंबर मात्र दोन इंचांनी आत आली, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर पुष्कळ उतरली. तरी 90 सेंटिमीटर अजून दूरच आहेत. नाताळात एका घरी यजमानीणबाईंनी करंज्यांचे ताट दादांपुढे सरकवले, “तुम्हाला काय होतंय, तुम्ही अंगाने बेताचे!” दादांचा हात पुढे झालाही होता. वहिनींनी त्यातली एक त्यांना दिली, एक स्वतः घेतली, आणि ताट आमच्याकडे सरकवले.