हंगाम सरताना परसबाग मोडू नका



मार्च लागला की आमच्या पारनेर तालुक्यात सगळ्यांचं डोकं कांद्यात गुंतलेलं असतं. विहीर दीड तासावर आलेली, मजुरांची मारामार, वरून बाजारभावाचं टेन्शन. अशा वेळी घरामागची दोन गुंठ्यांची परसबाग आणि खुराड्यातल्या कोंबड्या कुणाच्या हिशेबात असणार? मेथी फुलावर गेलेली असते, टोमॅटोची पानं वळलेली असतात, वांग्याला किडकी फळं जास्त आणि चांगली कमी. "काय राह्यलंय त्यात आता, टाका मोडून," असं घरोघर ऐकू येतं. आणि नेमकं त्याच दिवसांत फटफटीला दोन्ही बाजूंनी डालगी बांधून कोंबड्या घेणारा वस्तीवर येतो.

यंदाही आला. आमच्याकडं चौदा कोंबड्या, दोन कोंबडे आणि नऊ तलंगा. दारात उभा राहून आईला म्हणाला, "मावशी, खालच्या गावात मर चालू झालीय. मेल्यावर रुपया येत नाही. समद्या देऊन टाक, रोख देतो." आईचं लक्ष त्याच्या बोलण्याकडं नव्हतं, डालग्याकडं होतं. आतल्या दोन कोंबड्या पंख पाडून, डोळे मिटून बसलेल्या आणि खाली हिरवट पातळ हगवण. तो डालगं सोडायला लागला तशी आई म्हणाली, "डालगं खाली ठिवू नको बाबा. रस्त्यावरच थांब. आम्हाला न्हाई इकायच्या."

तो गेल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "आई, द्यायच्या होत्या. कांदा काढायला मजुरीचं तरी भागलं असतं." आई एवढंच म्हणाली, "कांद्याचं पैसं तुमचं. कोंबड्यांचं माझं. मी कवा तुमच्या कांद्याचा हिशेब इचारला का?"

आजची ही नोंद त्या उत्तरामुळं लिहितोय. आईचं म्हणणं नुसतं हट्टाचं नाही. त्यामागं शेतीचा पक्का हिशेब आहे, आणि तो मांडून बघण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट अंड्यांची. कोंबडी अंडी घालते ती उजेडाच्या हिशेबानं. डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो, म्हणून थंडीत गावरान कोंबडी हात आखडते. संक्रांतीनंतर दिवस वाढत जातो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा होतो, मे अखेरीस तेराच्या पुढं जातो. म्हणजे फेब्रुवारी-मार्च हे अंड्यावर यायचे दिवस. थंडीभर दाणे घालून सांभाळायचं आणि कोंबडी द्यायला लागली की विकायची, याला काय म्हणावं? शिवाय पिल्लं काढायचा शेवटचा चांगला मोकाही हाच. एप्रिल-मेच्या उन्हात अंडी उबवायच्या आधीच खराब होतात आणि खुडूक कोंबडीही तापून उठते. म्हणून आई फेब्रुवारी संपायच्या आत शेवटची खुडूक बसवते. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी, तीही आठवड्याच्या आतली. आठव्या रात्री मोबाइलच्या बॅटरीवर अंडं धरून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नितळ दिसलं तर काढायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

दुसरी गोष्ट मरीची. व्यापारी सांगतो ते खोटं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मानमोडी येते आणि आली की खुराडं साफ होतं. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात. हिरवट-पांढरी हगवण, धाप लागणं, मान वळणं, पाय लुळे पडणं, ही लक्षणं. औषध नाही. विषाणूचा रोग आहे, त्याला लस हाच उपाय. पण लसीचा एक अडसर आहे, त्यावर कुणी बोलत नाही. कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते. एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात राहिली पाहिजे. वीस कोंबड्यांसाठी कोण कुपी फोडणार? म्हणून एकट्या घरात लस होत नाही, ती वस्तीचीच करावी लागते.

आमच्या वस्तीवर सात घरं. सगळी मिळून नव्वदच्या आसपास पक्षी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवलं. बर्फ घातलेल्या थर्मासमधून लस आणली. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर पशुधन पर्यवेक्षकांनी घरोघर टोचून दिली. आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्याला आर-टू-बी, अर्धा मिली, पंखाखाली कातडीत. जंताचं औषध आठवडाभर आधी पाजलं होतं. आजारी, मलूल पक्ष्याला लस द्यायची नाही. लस दिल्यावर आठ-दहा दिवस अंडी कमी झाली, मग पुन्हा पहिल्यासारखी. नंतर निघालेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात, परत चौथ्या आठवड्यात एक. अंगात ताकद यायला पंधरा दिवस तरी लागतात. त्यामुळं शेजारच्या गावात मर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

त्या संध्याकाळी दोन घरं सुटली. एका घरी कुलूप होतं. दुसऱ्या घरात एकटी म्हातारी राहते, ती लेकीकडं गेली होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मर आमच्या वस्तीवर आलीच. व्यापाऱ्यानं आणली की कुत्र्यानं मेलेली कोंबडी ओढून आणली, ते सांगता येणार नाही. पण कुलूपवाल्या घराच्या मालकानं त्या फटफटीवाल्याला चार कोंबड्या विकल्या होत्या आणि डालगं अंगणात उतरवून घेतलं होतं. चार दिवसांत त्या घरात एकही उरली नाही. नंतर म्हातारीच्या अकरा गेल्या. बाकी पाच घरांत मिळून तीन पक्षी मेले, तेही लस द्यायच्या वयाचे झाले नव्हते. मेलेले सगळे कमरेइतक्या खड्ड्यात चुना टाकून पुरले. ओढ्यात कुणाला टाकू दिलं नाही.

आता परसबागेकडं येऊ.

हंगाम सरताना बाग एका दिवसात उपटायची नसते. एकेक वाफा मोकळा करत जायचं, आणि प्रत्येक वाफ्याचं काम वेगळं. मेथी-पालक फुलावर गेले की भाजी म्हणून संपले, पण त्यांचे कोवळे शेंडे कोंबड्यांना चालतात. हिरवं पोटात गेलं की अंड्याचा बलक गर्द पिवळा होतो, गिऱ्हाईक तोच बघून घेतं. कोथिंबिरीचा एक कोपरा धन्यासाठी ठेवायचा. टोमॅटोला पस्तीस-छत्तीस अंशांच्या पुढं फूल टिकत नाही, तेव्हा त्याला पाणी घालत बसू नये. हिरवी फळं तोडून चटणीला घ्यावी आणि झाड काढावं. वांग्याचं मात्र झाड काढू नका. जमिनीपासून वीतभर खोड ठेवून छाटा, किडके शेंडे आणि फळं जाळा, बुडात शेणखत द्या. दीड महिन्यात खोडवा फळाला येतो, आणि तेव्हा बाजारात भाजी महाग असते. मेथीच्या मोकळ्या वाफ्यात फेब्रुवारीतच गवार, भेंडी, चवळी टोकून घ्यायची. दुधी आणि दोडका खुराड्याशेजारी लावून वेल खुराड्यावर चढवायचा. एप्रिलात पत्रा तापतो तेव्हा कोंबड्यांना तीच सावली. पस्तीस अंशांच्या पुढं कोंबडी चोच उघडून धापा टाकते, त्या दिवसांत सावली आणि मडक्यातलं गार पाणी हेच औषध.

"पाणी कुठनं आणायचं?" हा प्रश्न रास्त आहे. विहिरीचं पाणी कांद्याच्या शेवटच्या पाळीला लागतं, त्यातलं परसबागेला कुणी देणार नाही आणि मागूही नये. आमच्या घरात सात माणसं. अंघोळीचं आणि धुण्याचं शेवटचं विसळलेलं पाणी मोरीतून एका खड्ड्यात सोडलंय. खड्ड्यात खडी आणि वाळू, काठाला कर्दळ आणि अळू. तिथून पाणी वाफ्यात जातं. कांद्याची वाळलेली पात वाफ्यावर अंथरली की एका दिवसाचं पाणी तीन दिवस पुरतं. एवढ्यावर वांग्याची पंधरा झाडं, गवारीचे दोन वाफे आणि तीन वेल मे महिन्यापर्यंत तगतात.

कोंबड्यांना बागेत कधी सोडायचं, यावर घराघरात भांडणं होतात. उभ्या पिकात सोडल्या तर रोपं उकरून सत्यानाश करतात. म्हणून बागेला तुराट्यांचं कूड, आणि फट असेल तिथं जुन्या लुगड्याचा आडोसा. मोकळ्या झालेल्या वाफ्यात मात्र त्यांच्याइतका चांगला मजूर नाही. टोमॅटोची फळ पोखरणारी अळी कोषात जायला मातीत उतरते. वांग्याच्या अळीचे कोष बुडातल्या वाळक्या पाल्यात असतात. शेणखतातून आलेली हुमणी मातीत असतेच. वाफ्यावर हलकं पाणी मारायचं, दुसऱ्या दिवशी कोंबड्या सोडायच्या. आठवडाभरात वीतभर माती उकरून सगळं वेचून खातात. मग तो वाफा मे अखेरपर्यंत उन्हात तापू द्यायचा. दोन पथ्यं पाळायची. शेजारच्या कांद्यावर औषध मारलं असेल तर त्या दिवसांत कोंबड्या बांधावर जाऊ द्यायच्या नाहीत. आणि कोंबड्या फिरलेल्या वाफ्यात कच्ची खायची पालेभाजी लगेच घ्यायची नाही. खुराड्यातली विष्ठाही ताजी टाकू नका, पीक जळतं. पाल्यापाचोळ्यात दोन-तीन महिने कुजवली की शेणखतापेक्षा जास्त नत्र देते.

राहिलं बियाणं. बहुतेक घरांत तोडून तोडून जे शेवटी उरतं ते बी म्हणून ठेवतात. म्हणजे सगळ्यात कमजोर शेंगेचं बी पुढच्या वर्षी पेरायचं. आई जानेवारीतच चांगल्या झाडाच्या भरलेल्या शेंगांना चिंधी बांधते. त्या शेंगा कुणी तोडायच्या नाहीत. मार्चमध्ये त्या वेलावरच खडखडीत वाळतात. मग सोलून, उन्हं देऊन, राखेत घालून मडक्यात. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि इतर भाज्यांचे किती तरी गावरान वाण असेच घरच्या घरी जपले. त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. हे काम मार्चमध्ये वेल उभा ठेवला तरच होतं. वेल उपटला की जूनमध्ये पाकीट विकत आणायचं.

कोंबड्यांचंही तेच आहे. मार्चमध्ये विकल्या की जूनमध्ये पिल्लं विकत घ्यायची. आणलेली सुधारित जात अंडी जास्त देईल, पण त्यातल्या बऱ्याच कोंबड्या खुडूक बसत नाहीत, म्हणजे दर वेळी पुन्हा विकतच. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच अंडी देते, पण आपली पिल्लं आपण काढते, घारीची सावली पडली की पंखाखाली घेते. बाग आणि खुराडं, दोन्हीकडचं पुढच्या वर्षाचं बी हंगामाच्या या शेवटच्या दोन महिन्यांत तयार होतं. आपण मोडामोड करतो ती नेमकी तेव्हाच.

आईच्या डब्यातल्या पैशांबद्दलही सांगतो. फेब्रुवारी ते एप्रिल अंडी आणि भाजी मिळून तिच्याकडं आठवड्याला चारशे-पाचशे रुपये येतात. कांद्याच्या पट्टीपुढं ही रक्कम काहीच नाही. पण कांद्याची पट्टी दोन-तीनदा येते, आणि कधी कधी आडतीची उचल फिटून हातात काही राहत नाही. डब्यातले पैसे दर आठवड्याला येतात. तिच्या बीपीच्या गोळ्या, नातीची वही, माहेरच्या लग्नातला आहेर, यासाठी तिला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. धाकट्यानं कोंबड्या विकायचं सुचवलं तेव्हा तो खरं तर हेच विकायला निघाला होता. त्याच्या ते ध्यानात आलं असावं. दुसऱ्या दिवशी खुराड्याच्या पत्र्यावर त्यानंच काटक्या टाकून दोडक्याचा वेल चढवला.

म्हातारीला आईनं सांगून ठेवलंय, "महिनाभर खुराडं उघडं टाक. उन्हात तापू दे, चुना मार. मग माझ्यातल्या दोन तलंगा आन् एक कोंबडा ने." तोवर तिच्याकडं रोजची दोन अंडी नातवाच्या हातून जातात.

मेच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या झालेल्या पिल्लांना आर-टू-बी द्यायचीय. या वेळी सातही घरांना आठ दिवस आधी निरोप जाईल, आणि कुणी परगावी जाणार असेल तर त्याच्या खुराड्याची चावी शेजारी राहील. तुमच्या वस्तीवर किती घरं आहेत ते मोजा, सगळ्यांचे पक्षी एकत्र मोजा, आणि दवाखान्यात जाऊन तारीख घेऊन या.