मॉपचा हिशेब
नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, तरी आमच्या घरी मेडिकल म्हणजे फक्त एमबीबीएस! मावसभाऊ ओटी टेक्निशियनच्या कोर्सला गेला तेव्हा मीच शहाणपणा केला होता, "म्हणजे वॉर्डबॉय ना रे?" तो नुसता हसला. (२०२१च्या केंद्रीय कायद्यात हा पेशा नावानिशी आहे, हे मला आत्ता कळतंय.)

परवा आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. मी बाहेर, तो आत. नंतर चहा घेताना विचारलं, नक्की करतोस काय तू?

"दादा, सुरुवातीला मॉप, सुया, अवजारं मोजायची. पोट शिवायच्या आधी परत मोजायची. एक मॉप कमी भरला तर सर्जनलाही थांबवायचं."

"मावशीचे?"

"दोनदा मोजले."

आमच्याकडे बग राहिला तर सोमवारी पॅच देतात, हे मी त्याला सांगितलं नाही.