भांडं आणि भांड्यातलं

अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि लोकांना घरच्यापुरती बियर बनवायची मोकळीक मिळाली. पुढे या हौशी मंडळींनी आपापल्या गॅरेजमध्ये एक यंत्र जुळवलं. जुना फ्रीज, आत स्टीलचा पिंप, शेजारी कार्बन डायऑक्साइडचं छोटं सिलिंडर आणि दारावर नळ. त्याला केजरेटर म्हणतात. शिकागोजवळ राहणारा माझा भाचा सध्या तेच बनवतोय, आणि त्यावरून आमच्या आपाने त्याच्याशी बोलणं सोडलं आहे.

भाच्याला पिंपात सोडा भरायचा आहे. त्याच्या मशिदीत रमजानच्या दर शनिवारी सामूहिक इफ्तार होते आणि नंतर प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी पिशव्याच्या पिशव्या भरतात. लिंबू-पुदिन्याचा थंड सोडा नळातून मिळाला तर तो कचराच होणार नाही, असं त्याचं म्हणणं. आपा फोनवर मला म्हणाली, "मामू म्हणून तू तरी समजाव. बियरचं यंत्र अल्लाच्या घरात?"

मी समजावण्याआधी यंत्र समजून घेतलं. गॅस पिंपात वरून दाब देतो, द्रव तळापर्यंत गेलेल्या नळीतून वर चढून नळाला येतो. थंड द्रवात गॅस चांगला विरघळतो, म्हणून फ्रीज. नळासाठी भोक दारालाच पाडायचं, कारण काही फ्रीजच्या बाजूच्या भिंतीतून गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. बियरला साधारण १२ पौंडांचा दाब पुरतो, सोड्याला ३०च्या आसपास लागतो. म्हणून सोड्याची नळी जास्त लांब ठेवावी लागते, नाहीतर ग्लासात नुसता फेस. जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि बंद तळघरात साचला तर जीव घेऊ शकतो.

गंमत पुढेच आहे. हौशी लोक वापरतात ते ५ गॅलनचे, म्हणजे सुमारे १९ लिटरचे पिंप मुळात बियरचे नव्हतेच. ते शीतपेयांच्या धंद्यातले. कंपन्या सरबताचा पाक खोक्यातल्या प्लॅस्टिक पिशव्यांतून देऊ लागल्या, तसे हे पिंप भंगारात आले आणि बियरवाल्यांनी उचलले. भाचा पिंपाला माहेरीच पाठवतोय म्हणायचं.

आणि सोडा कुठून आला? १७६७च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्सला जोसेफ प्रीस्टली बियरच्या भट्टीशेजारी राहत होता. आंबवणाच्या हौदावर साचणाऱ्या वायूत पाणी धरून त्याने ते फसफसतं केलं. फ्रीजचंही तसंच. जर्मनीत कार्ल फॉन लिंडेने १८७०च्या दशकात थंडावा देणारी यंत्रं बनवली, तेव्हा त्यामागे म्युनिकच्या बियरवाल्यांची गरज आणि पैसा होता. मूळच शोधायचं ठरवलं तर आपल्या इफ्तारच्या दस्तरखानावरची थंड बाटलीही शंकेची ठरेल.

हा प्रश्न आपल्याकडे नवाही नाही. अब्दुल कैस टोळीचं शिष्टमंडळ मदिनेला आलं, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना दारू आंबवण्यासाठी वापरली जाणारी काही भांडी वापरायलाच मनाई केली. दुधी भोपळ्याचं, पोखरलेल्या खोडाचं, डांबर लावलेलं. पुढे ती मनाई उठवली. कुठल्याही भांड्यातून प्या, नशा आणणारं पिऊ नका, असा नंतरचा आदेश सहीह मुस्लिममध्ये आहे. सवय ताजी असताना भांडंही दूर ठेवलं, सवय मोडल्यावर भांडं फक्त भांडं राहिलं. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं.

हे मी आपाला सांगितलं. ती म्हणाली, "भांडं पाक असेल. पण नळ बघून एखादा नवमुस्लिम, नुकतीच दारू सोडलेला, काय आठवेल त्याला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिने नकळत त्या पहिल्या मनाईचंच कारण सांगितलं होतं. मी भाच्याला तेवढंच कळवलं: पिंप नवा घे, वापरलेला घेतलास तर रबराची वायसरं बदल, त्यांत जुना वास राहतो. आणि बारसारखा लांब दांड्याचा नळ लावू नकोस. पाण्याच्या कूलरचा साधा नळ बसेल का ते बघ.