अडखळणाऱ्या घोड्याची मान

घोडा अडखळला की सगळ्यांची नजर खाली जाते. स्वार खूर बघतो, मोतद्दार दगड शोधतो, मालक नालबंदाला फोन लावतो. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं. खुराचं टोक लांब वाढलं आणि टाच बसली, की पाय जमिनीवरून सुटायला उशीर होतो आणि टोक मातीत रुततं. खूर महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर वाढतो. सहा आठवड्यांनी व्हायची नालबंदी दहाव्या आठवड्यावर गेली तर घोड्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून मी घोड्याआधी त्याचे उतरवलेले नाल बघतो. आमच्याकडचा नालबंद ते भंगारात टाकत नाही, माझ्यासाठी भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवतो. पुढचा नाल टोकाशी झिजलेला असेल तर आधी खूर आणि टाचेतलं दुखणं तपासायचं. मागचे नालही टोकाला घासलेले असतील तर घोडा पाय ओढतोय, आणि मग तपासणी कमरेवरून मानेपर्यंत न्यावी लागते.

मानेचे मणके आयाळीच्या खालीच असतात, असा समज फार पक्का आहे. मणके सात, आपल्याइतकेच. डोक्यापाशी ते वर असतात; खांद्याकडे येताना इतके खोल उतरतात की मानेच्या बुडाशी वरच्या कडेपेक्षा खालची कडच त्यांना जवळ पडते. त्यामुळे आयाळ चोळून ‘मणका सरकलाय, बसवून देतो’ म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. मानेच्या बुडाजवळून निघणाऱ्या नसा पुढच्या पायांत जातात, आणि उतारवयात संधिवात धरतो तो नेमका सहाव्या-सातव्या मणक्याच्या सांध्याला. सांधा वाढून नस दाबली गेली की पाऊल आखूड पडतं, खुराचं टोक पुरतं उचललं जात नाही. तीच वाढ आत मज्जारज्जूवर आली तर मामला वेगळा. आपले पाय कुठे पडताहेत हेच मग घोड्याला धड कळत नाही, आणि गंमत म्हणजे, दुखणं मानेत असूनही ते बहुधा मागच्या पायांत जास्त दिसतं. मागच्या पायांची खबर नेणारे तंतू मज्जारज्जूत बाहेरच्या बाजूला असतात, दाब आधी त्यांच्यावर येतो.

पुण्याच्या आसपासच्या राइडिंग स्कूलांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच दिसतात. दिवाण त्यातलाच, पंधराच्या घरातला. तक्रार अशी, की दुडकीत एकदम पुढे कोसळतो आणि पोरं त्याच्या गळ्यात येतात. नाल ठीक होते. खुराची नस बधिर करूनही चालीत फरक पडला नाही. मान वळते का ते बघायला गाजर दाखवायची आता पद्धत आहे, पण गाजरासाठी घोडा बऱ्याच लबाड्या करतो. मी त्याच्यापुढे जमिनीवर चारा टाकायला लावला आणि कठड्याशी उभा राहिलो. त्याने पुढचा एक पाय लांब टाकला, मग तोंड खाली नेलं, दोन घास घेतले आणि मान वर केली. पुन्हा तेच. मानेच्या बुडाशी डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग घामाने ओला होता, बाकी अंग कोरडं.

मग तोल बघितला. लहान गोलात दोन्हीकडे फिरवणं, मागे रेटणं, डोकं उंच धरून उतारावरून नेणं, चालता चालता शेपूट बाजूला ओढणं. धडधाकट घोडा शेपूट ओढली की पाय रोवतो. मज्जारज्जू दाबला गेलेला भेलकांडतो. दिवाणने मलाच ओढत नेलं. शून्य ते पाच अशी तोल जाण्याची प्रत लावतात, त्यात मी त्याला शून्य दिलं.

आपल्या हवेत मानेवर ठपका ठेवण्याआधी दोन रोग बाजूला काढावे लागतात. एक सर्रा, जो रक्त पिणाऱ्या माश्या चावून पसरतो. दुसरा कुमरी. गाईगुरांच्या पोटातल्या कृमीची पिल्लं डासामार्फत घोड्यात शिरतात, मज्जारज्जूत भरकटतात, आणि घोडा मागून लुळा पडतो. गोठा आणि तबेला एका भिंतीला असला की मी हे हमखास विचारतो. सर्र्यासाठी रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवता येतं. दिवाणचं स्वच्छ आलं.

एक्स-रेत सहाव्या-सातव्या मणक्याचा सांधा ओबडधोबड दिसला. पण नुसत्या फिल्मवर मी निकाल देत नाही. त्या वयाच्या, कधीही न अडखळणाऱ्या घोड्यांतही असे सांधे सापडतात. इथे चारा खाण्याची तऱ्हा, घाम आणि आखूड पाऊल फिल्मशी जुळत होतं, म्हणून सोनोग्राफीवर सुई बघत सांध्यात स्टिरॉइड दिलं. त्याचा गुण काही महिने टिकतो. चारा छातीच्या उंचीला बांधला.

खरी हुज्जत पडली ती लगामावरून. डोकं आणि मान मिळून घोड्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा. ठेच लागली की हेच वजन हलवून तो स्वतःला सावरतो. नवशिका स्वार त्याच क्षणी घाबरून लगाम आवळतो, आणि घोडा सावरायचा तो तोंडावर येतो. माथेरानला मुलाला तट्टावर बसवणारा जाणता घोडेवाला उतारावर लगाम मोकळा ठेवतो. स्कूलमध्ये मात्र मान आखडून धरणं ‘कलेक्शन’ म्हणून शिकवलं जातं. हाताने आवळलेली मान देखणी दिसते, त्यापलीकडे तिचा उपयोग मला आजवर सापडलेला नाही.

दिवाणची प्रत दोन असती, तर मी त्याच्यावर कुणालाच बसू दिलं नसतं. अशा घोड्याला गोळ्या देऊन, दोन दिवस सरळ चालवून विकायचा धंदा चालतो. म्हणून तपासणीच्या कागदावर मी ‘स्वारीस अयोग्य’ शाईने लिहितो आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो.

तो आता अर्धा तास काम करतो, सैल लगामावर, मोठ्या मुलांबरोबर. प्रशिक्षक दर खेपेला उड्यांचं विचारतात. मी शेपूट ओढून बघतो आणि पुढच्या तीन महिन्यांवर ढकलतो.