नागपूर पायी पाहिलं तेव्हा

लेकीचं यंदा नागपूरच्या कॉलेजात ॲडमिशन झालं. म्हटलं, एक दिवस ऑटो लावतो, तुला शहर दाखवतो. ती म्हणाली, "ऑटोतून रस्ते समजत नाहीत बाबा. मला तर रोज पायीच जायचं आहे ना?" बरोबर होतं तिचं. मागच्या रविवारी आम्ही बापलेक दिवसभर नागपूर पायी फिरलो.

खरं सांगतो, वीस वर्षांपासून मी बातमीदारीसाठी नागपूरला येऊन राहिलो. पण माझं नागपूर म्हणजे गणेशपेठचा एसटी स्टँड, विधानभवन, हायकोर्ट आणि गावच्या पेशंटसाठी मेडिकल. बाकी सगळं ऑटोतून पाहिलेलं.

सकाळी स्टँडवरून निघालो. गांधीसागराच्या काठानं गांधी गेट, तिथून महाल. गोंड राजा बख्त बुलंद शहानं बारा खेडी जोडून हे शहर वसवलं, मग भोसल्यांची राजधानी झाली. गल्ल्या अरुंद, पण चालायला त्रास नाही. दारात बसलेल्या आजीबाई रस्ता सांगतात, कुठून आले ते विचारतात. चितार ओळीत लेक रेंगाळली. तान्हा पोळ्याच्या दिवशी निघणारी मारबत याच जुन्या वस्त्यांतली. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. एका ठेल्यावर तर्री पोहा खाल्ला. तर्रीनं लेकीच्या डोळ्यात पाणी आलं, तरी तिनं दुसऱ्यांदा घेतली.

कॉटन मार्केटवरून लोखंडी पुलाखालून सीताबर्डीत आलो आणि खेळ बदलला. फूटपाथ आहे, पण त्यावर गाड्या उभ्या. गाड्या नाहीत तिथं फेरीवाले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनाही पोट आहे. पण मग चालणारा उतरतो रस्त्यावर, आणि मागून हॉर्न. वर मेट्रो, बाजूला उड्डाणपूल. मेट्रो चांगलीच आहे, आम्हीही संध्याकाळी तिच्यातच बसलो. पण स्टेशनपर्यंत माणूस पायानंच जातो ना बाप्पा!

१८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली तो सीताबर्डीचा किल्ला वर टेकडीवर. तो लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी वर्षातले मोजकेच दिवस उघडतो. खालूनच पाहिला.

पुढे झिरो माईल. इंग्रजांच्या सर्व्हेच्या काळातला दगडी खांब, बाजूला चार घोडे. तिथून गावांची अंतरं मैलात कोरलेली. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. लेकीनं फोटो काढले. मग तिचं लक्ष जवळच्या गोवारी शहीद स्मारकाकडे गेलं. "बाबा, हे काय आहे?"

मी गप्प झालो. दर हिवाळी अधिवेशनात इथून जातो. कधी थांबलो नव्हतो.

२३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीत समावेश करा म्हणून हजारो गोवारी बांधव विधानभवनावर मोर्चा घेऊन आले होते. पोलिसांचा लाठीमार, मग चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गल्लीतली एक काकू त्या मोर्चाला गेली होती, लहान पोराला घेऊन. तिसऱ्या दिवशी परत आली ती अनवाणी. कोणी विचारलं की एवढंच सांगायची, "पोराचा हात नाही सोडला." तिची मागणी अजून तिथंच आहे. २०१८ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला.

हे सगळं लेकीला सांगितलं. ती काही बोलली नाही. पुढचा चौक ओलांडताना आम्ही मधोमध पोचलो आणि सिग्नल सुटला. दोन्हीकडून गाड्या. तिनं माझा हात घट्ट धरला. अठरा वर्षांची पोरगी, कित्येक वर्षांनी तिनं असा हात धरला होता.

शेवटी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह इथंच धम्मदीक्षा घेतली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात. त्यातली किती तरी स्टेशनपासून, स्टँडपासून, डोक्यावर गाठोडं घेऊन पायी. २०२४ च्या जुलैत इथल्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक उतरले आणि सरकारला ते काम थांबवावं लागलं. स्तूपाच्या सावलीत बसलो तेव्हा लेकीनं चप्पल काढून टाचेचा फोड दाखवला.

विदर्भातला गरीब माणूस नागपूरला येतो तो पायी फिरायलाच. मोर्चाला, मेडिकलला, कोर्टाला, दीक्षाभूमीला. आणि शहरात सगळा हिशोब गाडीवाल्याचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. मी काही मीटरपट्टी घेऊन गेलो नव्हतो. पण बर्डीत आम्हाला दोघांना शेजारी शेजारी चालताच आलं नाही, एकामागे एक चालावं लागलं. उड्डाणपुलाचं भूमिपूजन आम्ही पत्रकार पहिल्या पानावर घेतो. फूटपाथची बातमी मी आजवर एकही केली नाही, हेही कबूल करतो.

रात्रीच्या एसटीत बसलो तर लेकीचा मेसेज आला. होस्टेल ते कॉलेज कोणत्या बाजूनं चालायचं, कुठं रस्ता ओलांडायचा नाही, हे तिनं लिहून ठेवलं होतं.

तुमचीही लेकरं नागपुरात शिकत असतील, कामाला जात असतील. एकदा त्यांच्या रोजच्या रस्त्यानं त्यांच्यासोबत चाला. कुठं अडलात, ते चौकाच्या नावासकट मला लिहा. अधिवेशनाच्या आधी मी यादी करून राहिलो.