बाई, इथे नाही, तिथे!

२३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरणार म्हणून भाईंदरच्या आमच्या शाळेत मुलं नि पालक जमले होते. जुना टीव्ही बंद पडलेला. नवा आला, पण त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना. प्रार्थनेचा अ‍ॅम्प्लिफायर नि भिंतीवरचे स्पीकर मात्र धडधाकट!

जुन्या टीव्हीला मागे दोन भोकं होती. लाल उजवीकडच्या आवाजाचं, पांढरं डावीकडच्या. नव्याला फक्त हेडफोनचं. मी एका टोकाला हेडफोनची नि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली वायर आणून जोडली. छे! आवाजच नाही. पावणेसहा वाजले. मला घाम फुटला.

चौथीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, टीव्हीतून आवाज बाहेर येतो ना? मग अ‍ॅम्प्लिफायरच्या आत जायला हवा. तुम्ही 'आउट'मध्ये घातलंय!"

खरंच की! पिना 'इन'मध्ये घातल्या नि हॉल दुमदुमला. ६ वाजून ४ मिनिटांनी यान उतरलं, तेव्हा सगळ्यात मोठ्या टाळ्या शेवटच्या रांगेतून आल्या.

मुलांनो, बाईंचं चुकलं तरी सांगायचं, बरं का!